ई-स्पोर्ट्सवरचे प्रेडिक्शन मार्केट : ठाणे-नवी मुंबईच्या खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न

ऐरोली आणि कोपरखैरण्यात आम्ही व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळांच्या छोट्या स्पर्धा घेतो. कळव्यापासून घोडबंदर रोडपर्यंतची पोरं येतात. सामना संपून हेडफोन खाली ठेवले की गाडी हमखास एकाच विषयावर येते : अमुक साइटवर आज या संघाचा भाव किती होता, आणि पैसे लावायचेच तर कुठली साइट बरी. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहोत. आमचं मत आधीच सांगतो. या बाजारांचे भाव वाचायला जरूर शिका, खेळाची समज वाढते. पैसे मात्र लावू नका. का, ते पुढे तपशिलात येईलच.

प्रेडिक्शन मार्केट आणि साधा सट्टा यात फरक काय?

बुकीकडे भाव बुकी ठरवतो आणि तुमच्या समोर तोच उभा असतो. प्रेडिक्शन मार्केटमध्ये तुमच्या समोर तुमच्यासारखाच दुसरा माणूस असतो, आणि प्लॅटफॉर्म मधे बसून दोघांची गाठ घालून देतो. ‘हा संघ जिंकेल’ या विधानाचे शेअर विकले जातात. विधान खरं ठरलं तर एका शेअरला १ डॉलर, खोटं ठरलं तर शून्य. शेअर ६२ सेंटला चालला असेल तर त्या संघाच्या जिंकण्याची शक्यता बाजाराच्या मते साधारण ६२ टक्के, असं वाचायचं. १०० शेअर घेतले तर ६२ डॉलर जातात. जिंकलात तर १०० मिळतात, हरलात तर सगळे ६२ जातात. निकालाआधी शेअर विकून बाहेरही पडता येतं.

यंत्रणा वेगळी आहे हे मान्य. पण सामन्याच्या निकालावर पैसे लागलेत हे त्याने बदलत नाही, आणि आपल्या कायद्यानेही ते तसंच धरलं आहे.

कोणकोणते प्लॅटफॉर्म आहेत?

मोठी नावं दोन. पॉलीमार्केट २०२० साली सुरू झालं. ते पॉलीगॉन ब्लॉकचेनवर चालतं आणि व्यवहार बरीच वर्षं यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टोत होत आले. अमेरिकेतल्या सीएफटीसी या नियामकाने २०२२ मध्ये त्यांना १४ लाख डॉलरचा दंड केला, तेव्हा त्यांना अमेरिकी ग्राहक बंद करावे लागले. २०२५ मध्ये परवाना असलेलं एक एक्स्चेंज विकत घेऊन ते परत आले. दुसरं कॅल्शी. त्यांना २०२० मध्येच सीएफटीसीची मान्यता मिळाली आणि २०२५ च्या जानेवारीपासून त्यांनी खेळांचे करार उघडले. तरीही हा जुगारच आहे म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांशी त्यांचे कोर्टात वाद चालले. म्हणजे नियामकाची मान्यता असलेल्या प्लॅटफॉर्मचंही बूड तिथे पूर्ण स्थिर नाही.

बिनपैशांच्या गटात मॅनिफोल्ड आहे. तिथे ‘माना’ नावाचं खेळण्यातलं चलन चालतं आणि कुणीही स्वतः प्रश्न उघडू शकतो. मेटाक्युलसवर पैज नसते, फक्त शक्यतेचा आकडा नोंदवायचा असतो. तिथे ई-स्पोर्ट्सचे प्रश्न मात्र फारसे नसतात.

भारतातलं प्रोबो सगळ्यांना आठवत असेल, हो-नाहीवर रुपयांत पैसे लावायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला आणि त्यांनी पैशांचा खेळ बंद केला.

फी कुठे कमी आहे?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. आम्ही तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवू. कॅल्शीची सर्वसाधारण फी एका सूत्राने निघते : ०.०७ गुणिले शेअरची संख्या गुणिले भाव गुणिले (१ वजा भाव). ६२ सेंटचे १०० शेअर घेतले तर सुमारे १ डॉलर ६५ सेंट. पॉलीमार्केटवर बहुतेक बाजारांत बरीच वर्षं ट्रेडिंगची फी नव्हती, आणि याच गोष्टीवर लोक भाळतात.

पण खरा खर्च ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे कुठल्या भावाला किती शेअर विकायला किंवा घ्यायला आहेत त्या यादीत, दडलेला असतो. मोठ्या निवडणुकीवर कोट्यवधी डॉलर फिरतात. दुसऱ्या फळीतल्या एखाद्या काउंटर-स्ट्राइक सामन्याचं बुक तितकंच पातळ. समजा स्क्रीनवर ६२ सेंट दिसतो आहे, पण त्या भावाला विकायला फक्त ४० शेअर आहेत. पुढचे १०० शेअर ६६ ला आणि त्यापुढचे ७१ ला. तुम्ही २०० घेतले तर ४० शेअर ६२ ने, १०० शेअर ६६ ने आणि उरलेले ६० शेअर ७१ ने मिळतील. एकूण १३३ डॉलर ४० सेंट, म्हणजे सरासरी ६६.७ सेंट. तुम्हाला वाटलं ६२ टक्क्यांचा संघ घेतला. प्रत्यक्षात तो संघ १०० पैकी ६७ वेळा जिंकला तरच तुमची बरोबरी होते. बाहेर पडताना हीच दरी पुन्हा उलट्या बाजूने भरावी लागते.

म्हणून प्लॅटफॉर्मांची तुलना करताना त्या विशिष्ट सामन्याचं बुक किती खोल आहे आणि खरेदी-विक्रीच्या भावात अंतर किती आहे, हे आधी बघायचं. फी शून्य आणि अंतर सहा सेंट असेल तर ते महागच पडतं.

निकाल कोण ठरवतं?

आमच्या मते तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि याच्याबद्दल विचारणारे सगळ्यात कमी.

कॅल्शीवर प्रत्येक कराराच्या नियमांत निकालाचा स्रोत लिहिलेला असतो आणि अंतिम निर्णय एक्स्चेंज घेतं. पॉलीमार्केटवर बहुतेक बाजारांत पद्धत वेगळी आहे. कुणीतरी अनामत ठेवून निकाल सुचवतो. साधारण दोन तासांत कुणी हरकत घेतली नाही तर तोच निकाल पक्का. हरकती आल्या आणि वाद मिटला नाही, तर यूएमए नावाच्या टोकनचे धारक मतदान करतात. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याच्या मताचं वजन जास्त. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘झेलेन्स्की सूट घालतील का’ या बाजारावर याच पद्धतीमुळे मोठा गदारोळ झाला. नाटोच्या परिषदेतल्या त्यांच्या पेहरावाला अनेक वृत्तसंस्थांनी सूट म्हटलं, तरी मतदानाने निकाल ‘नाही’ असा लागला आणि ‘हो’ वाल्यांचे पैसे गेले.

सामना कोण जिंकला यात एवढा गोंधळ सहसा होत नाही, हे खरं. पण ई-स्पोर्ट्समध्ये सीमेवरच्या गोष्टी भरपूर असतात. सर्व्हर पडला आणि राउंड मागे नेऊन पुन्हा खेळवला. एका संघाने दुसऱ्या मॅपनंतर (मॅप म्हणजे ज्या नकाशावर सामन्याचा एक डाव खेळतात तो) माघार घेतली. सामन्यानंतर दोन दिवसांनी एखादा खेळाडू चीटिंगमध्ये सापडला आणि आयोजकाने निकाल फिरवला. अशा वेळी ‘अधिकृत निकाल’ म्हणजे मैदानावरचा की नंतर दुरुस्त झालेला, हे नियमांत आधी लिहिलेलं असलं तरच तुम्हाला दाद मागता येते. मॅनिफोल्डवर तर बहुतेक वेळा ज्याने प्रश्न उघडला तोच निकाल लावतो. तिथे पैसे नसतात म्हणून ते चालून जातं.

सामना रद्द झाला किंवा खेळाडू बदलला तर?

रद्द झाला तर पॉलीमार्केटवरच्या अनेक सामन्यांच्या नियमांत ५०-५० अशी वाटणी लिहिलेली असते. ८० सेंटला घेतलेल्या शेअरचे मग ५० सेंट हातात येतात. अंदाज चुकला नाही तरी ३० सेंट गेले. नुसता पुढे ढकलला तर किती दिवस वाट बघायची, हे प्रत्येक बाजारात वेगळं असतं.

व्हिसा मिळाला नाही म्हणून बदली खेळाडू घेऊन उतरणं ई-स्पोर्ट्समध्ये नवं नाही. बहुतेक ठिकाणी संघाच्या नावावर करार असतो. मुख्य स्नायपर बदलला तरी तुमचा शेअर तसाच राहतो, फक्त भाव कोसळतो. ही बातमी संघाच्या जवळच्या माणसांना तुमच्याआधी कळते.

सामना लाइव्ह बघत ट्रेड करता येतो, मग खेळ कळणाऱ्याला फायदा नाही का?

नाही, कारण तुम्ही जे लाइव्ह म्हणून बघता ते लाइव्ह नसतं. खेळाडूंना स्ट्रीम बघून समोरच्याची जागा कळू नये म्हणून आयोजक प्रक्षेपण मुद्दाम उशिरा सोडतात. वर यूट्यूब-ट्विचचा स्वतःचा उशीर असतो. दुसरीकडे ग्रिड किंवा पांडास्कोरसारख्या कंपन्या थेट गेम सर्व्हरचा डेटा विकतात, आणि तो विकत घेणाऱ्यांचे बॉट सेकंदाच्या आत ऑर्डर टाकतात. तुम्ही नेरूळच्या घरात बसून ‘एस’ झाला (एकट्याने समोरचे पाचही टिपले) म्हणून ओरडता, तोवर भाव हललेला असतो. त्या क्षणी तुम्हाला कुणी स्वस्तात शेअर देत असेल तर का देतो आहे, हा विचार करा.

बेस्ट ऑफ वन आणि बेस्ट ऑफ थ्रीने भावात किती फरक पडतो?

बराच. एक संघ प्रत्येक मॅप ६० टक्के शक्यतेने जिंकतो असं धरा. एका मॅपच्या सामन्यात शक्यता ६० टक्के, तीनच्या मालिकेत ६४.८, पाचच्या मालिकेत ६८.३. जितकी मालिका लांब, तितका चांगला संघ वर येतो.

पण हे गणित सगळे मॅप सारखे धरतं आणि प्रत्यक्षात ते सारखे नसतात. काउंटर-स्ट्राइक २ च्या स्पर्धांत सात मॅप असतात. तीनच्या मालिकेत आधी दोन्ही संघ एकेक मॅप बाद करतात, मग एकेक निवडतात, पुन्हा एकेक बाद करतात आणि उरलेला सातवा निर्णायक ठरतो. हा व्हेटो जाहीर झाला की भाव उडी मारतो. एखादा संघ न्यूक या मॅपवर वर्षभर जिंकत आला असेल आणि समोरच्याने न्यूकच बाद केला, तर कालच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. आमच्या स्पर्धांत नवी पोरं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. संघाचं नाव बघून अंदाज बांधतात, व्हेटो बघत नाहीत. एचएलटीव्ही, व्हीएलआर आणि लिक्विपीडिया या साइटवर मॅपनिहाय आकडे फुकट मिळतात. ते वाचायची सवय लावा.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या, शेवटी उरेल तो जिंकेल अशा खेळासाठी हे काहीच लागू नाही. सोळा संघ, चौसष्ट खेळाडू आणि झोन, म्हणजे खेळायची आकसत जाणारी जागा, कुठे सरकेल त्याचा नेम नाही. एका सामन्याच्या विजेत्याचा अंदाज तिथे फार अधांतरी असतो.

मॅच फिक्सिंग होतं का?

होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयबायपॉवर हा नावाजलेला काउंटर-स्ट्राइक संघ मुद्दाम सामना हरला आणि त्यावर पैजा लावल्या गेल्या. २०१५ च्या जानेवारीत काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने त्यात गुंतलेल्यांवर बंदी घातली. कोरियात स्टारक्राफ्टच्या माजी विश्वविजेत्यापर्यंत हे प्रकरण पोचलं. इसिक ही संस्था खास ई-स्पोर्ट्समधल्या गैरप्रकारांवर नजर ठेवायला उभी राहिली, ती यामुळेच.

दुसऱ्या-तिसऱ्या फळीत बक्षिसाची रक्कम थोडी आणि खेळाडू विशीच्या आतले. एका हरण्यात वर्षभराच्या बक्षिसाहून जास्त पैसे मिळत असतील, तर मोह किती मोठा असेल ते समजतं. नवी मुंबईत मोठ्या संघांनी बूटकॅम्प, म्हणजे एकत्र राहून सराव करायच्या जागा, थाटल्या आहेत. आपल्याच ओळखीतली पोरं तिथे पोचण्याची धडपड करतात. सामन्यांवर लागणारा पैसा शेवटी त्यांच्याच दारात येऊन उभा राहतो. आमचा या बाजारांना असलेला विरोध मुख्यतः इथून येतो.

भारतातून यावर पैसे लावणं कायदेशीर आहे का?

‘ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन’ हा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने सरसकट बंद केले. कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातले पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या संस्थांवरही कारवाई आहे. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ‘मग आपण मोकळे’ असा अर्थ लोक काढतात. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, तुमचे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. सेबीने २९ एप्रिल २०२५ लाच सांगून ठेवलं होतं की ओपिनियन ट्रेडिंग (प्रोबोसारखं हो-नाहीवर पैसे लावणं) त्यांच्या कक्षेत येत नाही आणि गुंतवणूकदाराचं कुठलंही संरक्षण त्याला मिळणार नाही. दोन, इन्स्टाग्रामच्या स्टोरीत रेफरल कोड टाकला की तुम्ही खेळणारे राहत नाही, जाहिरात करणारे होता. दोनशे रुपयांच्या बोनससाठी कॉलेजातली पोरं हे सर्रास करतात.

व्हीपीएन लावून आणि यूएसडीटी घेऊन केलं तर?

लोक हाच रस्ता सुचवतात आणि याच रस्त्यावर सगळ्यात जास्त खड्डे आहेत. प्लॅटफॉर्मने बंद ठेवलेल्या देशातून व्हीपीएनने, म्हणजे आपलं ठिकाण लपवून, शिरणं त्यांच्याच अटींत बसत नाही. जिंकलेले पैसे काढायच्या वेळी ओळखपत्र मागितलं की काय दाखवणार?

यूएसडीटी हे यूएसडीसीसारखंच डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो बहुतेक जण पी-टू-पीने घेतात. म्हणजे एखाद्या अनोळखी खात्याशी यूपीआयचा व्यवहार. त्या खात्यातला पैसा सायबर फसवणुकीतून आलेला असेल तर तपासात तुमचंही खातं गोठतं. तक्रार कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असते. बँकेची शाखा वाशीत, पोलीस ठाणं हजार किलोमीटरवर, आणि पगार त्याच खात्यात जमा होत असतो. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, विकताना १ टक्का टीडीएस, आणि तोटा नफ्यातून वळता करता येत नाही, हे त्यावर आणखी.

टेलिग्रामवर एक जण फिक्स सामन्यांची खात्रीची टीप देतो. घेऊ का?

नको. अर्ध्या गटाला एका संघाचं नाव आणि अर्ध्याला दुसऱ्याचं पाठवलं की निम्म्या लोकांना तो देवमाणूस वाटतो. पैसे भरून बसला असाल तर लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

पैसे नाहीत, फक्त स्किन लावल्या तर?

स्किन म्हणजे गेममधल्या शस्त्रांची सजावट. ती विकून पैसे येतात, म्हणून तेही तेच. वाल्व्हने २०१६ च्या जुलैमध्ये स्किनच्या जुगाराच्या २३ साइटना नोटिसा पाठवल्या होत्या. शाळेतली मुलं या दारातून आत जातात, म्हणून पालकांनी स्टीम या वाल्व्हच्या गेमिंग साइटवरच्या इन्व्हेंटरीवर (खात्यातल्या स्किनच्या साठ्यावर) लक्ष ठेवावं.

मग पैसे न लावता यात करण्यासारखं काय आहे?

भरपूर. आमच्याकडे एक वही फिरते. सामन्याआधी प्रत्येकाने आपला टक्का लिहायचा, शेजारी मॅनिफोल्डवरचा किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातला त्या वेळचा भाव, आणि एका ओळीत कारण. निकाल लागला की ब्रायर स्कोअर काढायचा. जिंकला तर १, हरला तर ०, त्यातून तुमचा आकडा वजा करून वर्ग करायचा. ७० टक्के म्हणालात आणि संघ जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याचा स्कोअर कायम ०.२५ राहतो. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं.

पन्नास-साठ सामन्यांनंतर वही बघण्यासारखी होते. ‘मला गेम कळतो’ म्हणणारे कितीतरी जण ०.२५ च्या वरच असतात, कारण आवडत्या संघाला ते डोळे झाकून ९० टक्के देतात. व्हेटो बघून आकडा बदलणारे हळूहळू खाली येतात. हेच पुढे संघाचा अ‍ॅनालिस्ट होण्याच्या कामी येतं.

भाऊ यात अडकलाय, उधारी झालीय. काय करू?

ओरडू नका आणि गुपचूप उधारी फेडूनही टाकू नका. फेडली की पुन्हा लावायला जागा होते. आधी एकूण किती आणि कुणाकुणाचे देणं आहे ते त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा. लोन अ‍ॅप असेल तर ते सगळ्यात वर. यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथल्या ओपीडीत व्यसनासाठी जायला संकोच वाटण्याचं कारण नाही. जीव द्यायची भाषा कानावर आली तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आम्ही सोसायटीत स्पर्धा घेतोय. प्रवेश फी आणि बक्षीस ठेवलं तर तेही बंदीत येईल का?

नाही. पण तो खेळ या कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेला आणि नोंदणी झालेला ई-स्पोर्ट असायला हवा, हे आधी तपासा. अशा ई-स्पोर्ट्सला याच कायद्याने खेळ म्हणून वेगळी जागा दिली आहे. स्पर्धेत उतरण्यासाठी किंवा आयोजनाचा खर्च भागवण्यासाठी नोंदणी फी घेता येते आणि कामगिरीवर बक्षीसही देता येतं. दुसरी अट अशी की कुणीही, खेळणाऱ्याने किंवा बघणाऱ्याने, निकालावर पैज लावायची नाही. फीचा हिशेब लिहून ठेवा, बक्षिसाची रक्कम नोंदणीच्या आधी जाहीर करा, आणि नियमांच्या पानावर पैजेच्या मनाईची ओळ ठळक छापा. आमच्या स्पर्धेत बघणाऱ्यांनी आपापसात पैज लावलेली कळली तर त्यांना हॉलबाहेर काढतो, आणि संघातला कुणी त्यात असेल तर तो संघ बाद होतो.